मज्जातंतूंच्या वाटेने पसरलेला त्वचेचा कर्करोग आणि त्यावरील शस्त्रक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचेचा कर्करोग म्हटला की वरवरची, छोट्या शस्त्रक्रियेने निघून जाणारी गाठ असे चित्र डोळ्यासमोर येते आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु डोके, चेहरा आणि मान या भागांतील काही गाठी त्वचेखालच्या मज्जातंतूंना धरून आत सरकत कवटीच्या तळापर्यंत पोहोचतात. अशा रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ती प्रामुख्याने स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग) या प्रकाराला धरून आहेत, कारण या विषयातील बहुतेक अनुभव त्याच प्रकाराचा आहे. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. स्वतःच्या उपचाराचा निर्णय तपासण्या पाहिलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

कर्करोग मज्जातंतूच्या वाटेने पसरतो म्हणजे नेमके काय होते?

प्रत्येक मज्जातंतूभोवती आवरणांचे थर असतात. कर्करोगाच्या पेशी या आवरणांत शिरतात आणि त्यांच्या आतील जागेतून लांबीच्या दिशेने सरकत जातात, जणू विजेच्या तारेला धक्का न लावता तिच्या वेष्टनाखालून कोणी पुढे जावे. पूर्वी असे मानले जाई की पेशींना तेथे केवळ कमी अडथळ्याची वाट मिळते. आता हे स्पष्ट झाले आहे की मज्जातंतू आणि कर्करोगाच्या पेशी एकमेकांना रासायनिक संदेश देतात आणि मज्जातंतूंच्या वाढीला पोषक असणारे काही घटक कर्करोगालाही पुढे ओढून घेतात. हा प्रसार रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून होणाऱ्या प्रसारापेक्षा वेगळा आहे. म्हणूनच मानेत एकही गाठ नाही, पेट स्कॅनमध्ये (शरीरभर कर्करोगाचा शोध घेणाऱ्या तपासणीत) फुप्फुस व यकृत स्वच्छ आहेत, तरीही रोग कवटीच्या दाराशी पोहोचलेला आहे, असे चित्र या रुग्णांत दिसू शकते. वैद्यकाला हा प्रकार नवा नाही. फ्रान्समधील विकृतिशास्त्रज्ञ क्रुव्हेलिए यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीतील नॉयमान यांनी १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले होते. नवी आहे ती एमआरआयवर तो वेळेत पाहण्याची आणि शस्त्रक्रियेने त्याचा माग काढण्याची क्षमता.

बायोप्सीच्या अहवालात ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ (मज्जातंतूच्या आवरणात शिरकाव) असे लिहिले आहे. म्हणजे रोग मेंदूकडे निघाला आहे का?

तसे गृहीत धरू नये. हे शब्द दोन अगदी वेगळ्या परिस्थितींसाठी वापरले जातात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे अनेक घरांत विनाकारण भीती पसरते.

पहिल्या परिस्थितीत रुग्णाला कोणताही त्रास नसतो. काढलेल्या गाठीच्या काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली, एखाद्या बारीक मज्जातंतूभोवती कर्करोगाच्या पेशी दिसतात. स्क्वॅमस सेल कार्सिनोमाच्या साधारण २.५ ते १४ टक्के रुग्णांत अशी नोंद सापडते आणि त्यांतील बहुसंख्य याच गटातील असतात. येथे मज्जातंतूची जाडी महत्त्वाची ठरते. तो ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल, किंवा त्वचेच्या खालच्या थरापलीकडे असेल, तर गाठ अधिक धोक्याची समजली जाते आणि २०१८ पासून लागू असलेल्या अमेरिकी वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत तिला वरची श्रेणी दिली जाते. अहवालात ही जाडी लिहिलेली नसेल तर पॅथॉलॉजिस्टना ती विचारून घेण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

दुसऱ्या परिस्थितीत नाव असलेला मोठा मज्जातंतूच बाधित होतो आणि रुग्णाला बधिरपणा, वेदना किंवा अशक्तपणा जाणवतो, किंवा एमआरआयवर तो मज्जातंतू जाड झालेला दिसतो. पुढील बहुतेक उत्तरे या दुसऱ्या परिस्थितीबद्दल आहेत.

हा आजार कोणाला होतो?

या आजाराचा सर्वाधिक अनुभव ऑस्ट्रेलियात आहे. तेथे सत्तर वर्षे वयापर्यंत दर तीन व्यक्तींपैकी दोघांना कोणता ना कोणता त्वचेचा कर्करोग होतो, आणि क्वीन्सलँड राज्य त्यातही पुढे आहे. गोरी त्वचा, उघड्यावरचे काम आणि वर्षानुवर्षांचे कडक ऊन ही त्यामागची कारणे आहेत. मज्जातंतूंच्या वाटेने होणारा प्रसार पुरुषांत, साठीच्या पुढे, आणि कपाळ, गाल, नाक, ओठ किंवा कानासमोरचा भाग येथील गाठींत अधिक आढळतो. एकदा काढून पुन्हा उद्भवलेल्या गाठीत तो विशेष संभवतो. बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दुसऱ्या नेहमीच्या कर्करोगात तो क्वचित होतो. डेस्मोप्लास्टिक मेलानोमा या दुर्मीळ प्रकारात मात्र मज्जातंतूंकडे स्पष्ट ओढ असते.

भारतीय त्वचेतील रंगद्रव्यामुळे आपल्याकडे त्वचेचा कर्करोग तुलनेने कमी होतो. तरीही अंगावर जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या व्यक्ती, झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा उन्हाने त्वचेला सहज इजा होणारा आनुवंशिक आजार असलेली मुले, भाजल्याच्या जुन्या वणावर दीर्घकाळ न भरणारी जखम असलेले लोक आणि मूत्रपिंड किंवा अन्य अवयवाचे प्रत्यारोपण होऊन प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण यांना धोका खरा आहे. कमी आढळणारा आजार उशिरा ओळखला जातो, आणि या आजारात उशिराची किंमत फार मोठी असते.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

चेहऱ्याच्या एका ठरावीक भागात मुंग्या येणे, त्वचेखाली काहीतरी सरपटल्यासारखे वाटणे, त्यानंतर जळजळ किंवा विजेच्या झटक्यासारखी कळ, आणि पुढे तो भाग बधिर होणे हा नेहमीचा क्रम आहे. सुरुवातीला बधिरपणा नाकाच्या बाजूला किंवा वरच्या ओठापुरता असतो आणि काही महिन्यांत तो गाल, पापणी किंवा कपाळाकडे वाढतो. दाढी करताना एका बाजूला वस्तरा जाणवत नाही, जेवताना ओठाला लागलेले कळत नाही, अशा साध्या गोष्टींतून तो प्रथम लक्षात येतो. चेहऱ्याची हालचाल करणारा मज्जातंतू बाधित झाला तर आधी भुवई उचलली जात नाही किंवा ओठाचा एक कोपरा खाली राहतो, आणि हा अशक्तपणा हळूहळू इतर भागांत पसरतो. एकाऐवजी दोन प्रतिमा दिसू लागणे ही रोग डोळ्यामागे किंवा त्याहून आत गेल्याची खूण असू शकते.

दोन चुकीची निदाने वारंवार होतात. पहिले म्हणजे बेल्स पाल्सी. बेल्स पाल्सीत अर्धा चेहरा साधारण तीन दिवसांच्या आत लुळा पडतो आणि बहुतेकांत काही आठवड्यांत ते तीन-चार महिन्यांत सुधारणा दिसते. आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढत जाणारा, चेहऱ्याच्या एकाच भागापासून सुरू झालेला, किंवा चार महिन्यांनंतरही जराही न सुधारलेला लकवा बेल्स पाल्सी म्हणून सोडून देता येत नाही. दुसरे चुकीचे निदान ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे, म्हणजे चेहऱ्यात झटक्यासारख्या कळा आणणाऱ्या मज्जातंतूच्या आजाराचे. त्या आजारात झटक्यांच्या मधल्या काळात स्पर्शज्ञान सहसा शाबूत असते. वेदनेबरोबर कायमचा बधिरपणा असेल तर कारण शोधलेच पाहिजे. चेहऱ्यावरून कधीकाळी त्वचेची गाठ काढलेली असेल तर ही गोष्ट न्यूरॉलॉजिस्टना आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना न विचारता, आपणहून सांगावी. या पानावरील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच असावी, असे मला मनापासून वाटते.

गाठ काढून दोन-तीन वर्षे झाली आहेत आणि त्वचेवर काहीही दिसत नाही. तरीही संबंध असू शकतो का?

होय. मूळ गाठ आणि मज्जातंतूची लक्षणे यांत अनेक महिने ते काही वर्षे जाऊ शकतात, आणि तोपर्यंत त्वचेवर केवळ एक जुना वण उरलेला असतो. काही रुग्णांत तर मूळ गाठ कोणती होती हेही निश्चित सांगता येत नाही. मूळ गाठीचा अहवाल आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक (मेणात जतन केलेले गाठीचे तुकडे) म्हणूनच जपून ठेवावेत.

कोणता एमआरआय करावा लागतो? साधा पुरत नाही का?

मेंदूचा नेहमीचा एमआरआय बहुधा पुरत नाही, कारण त्यात चेहऱ्याचे बारीक मज्जातंतू पुरेशा तपशिलाने दिसत नाहीत. बाधित भाग उठून दिसावा यासाठी गॅडोलिनियम या औषधाचे इंजेक्शन देऊन, चित्रातील चरबीचा उजळपणा दाबणाऱ्या पद्धतीने, पातळ छेद घेऊन, त्वचेपासून मेंदूच्या देठापर्यंत संपूर्ण मार्ग दाखवणारा एमआरआय हवा, आणि शक्य असल्यास तो तीन टेस्लाच्या (अधिक शक्तिशाली चुंबकाच्या) यंत्रावर करावा. मज्जातंतू जाड होणे, त्यात औषध शोषले जाणे, कवटीच्या छिद्राभोवतीची चरबी नाहीशी होणे आणि चघळण्याचे स्नायू एका बाजूला सुकणे या खुणा रेडिऑलॉजिस्ट शोधतात. चिठ्ठीवर ‘चेहऱ्यावरील कर्करोगाचा पूर्वेतिहास, उजव्या गालावर बधिरपणा, मज्जातंतूंचा मार्ग पाहावा’ असे स्पष्ट लिहिलेले असले तर अहवालाचा दर्जा बदलतो, हे अनुभवी रेडिऑलॉजिस्ट सांगतात. हाडातील छिद्रे रुंदावली आहेत का यासाठी सीटी स्कॅन, आणि मानेतील व शरीरातील इतर प्रसारासाठी पेट सीटी उपयोगी पडतो. पेट सीटी स्वच्छ आला म्हणून मज्जातंतूही स्वच्छ आहे असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

रोग किती आत गेला आहे हे डॉक्टर कसे सांगतात?

चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या तीन शाखा आहेत. पहिली कपाळ आणि डोळ्याकडून डोळ्यामागच्या फटीतून, दुसरी गालाकडून फोरामेन रोटंडम या छिद्रातून आणि तिसरी खालच्या जबड्याकडून फोरामेन ओव्हेल या छिद्रातून कवटीत शिरते. आत गॅसेरियन गँग्लियन या ठिकाणी तिन्ही एकत्र येतात आणि तेथून मज्जातंतूचे मूळ मेंदूच्या देठाकडे जाते. चेहऱ्याची हालचाल करणारा फेशियल मज्जातंतू कानामागच्या हाडातील छिद्रातून प्रवेश करतो आणि हाडातच वळणे घेत जातो.

यावरून तीन विभाग मानले जातात. पहिल्या विभागात रोग कवटीच्या छिद्रांच्या बाहेर असतो. दुसऱ्यात तो छिद्रापासून गँग्लियनपर्यंत पोहोचलेला असतो. तिसऱ्यात तो गँग्लियन ओलांडून मेंदूच्या देठाकडे सरकलेला असतो. शस्त्रक्रियेचा सारा विचार या विभागणीवर उभा आहे. ट्रायजेमिनल आणि फेशियल यांच्यात जोडणाऱ्या छोट्या शाखाही आहेत, उदाहरणार्थ कानासमोरची ऑरिक्युलोटेम्पोरल शाखा, आणि त्यांतून रोग एका मज्जातंतूवरून दुसऱ्यावर उडी घेतो. गालाच्या बधिरपणाने सुरू झालेला आजार पुढे लकव्याचे रूप का घेतो याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

शस्त्रक्रिया करायची की नाही हे कशावर ठरते?

मज्जातंतूचा आतला, निरोगी टोक हाताशी येईल का, या एका प्रश्नावर. तो हाताशी येत असेल तर बरे करण्याच्या उद्देशाने शस्त्रक्रिया करण्यात अर्थ आहे. पहिल्या विभागातील आणि दुसऱ्या विभागातील निवडक रुग्ण यात बसतात. तिसरा विभाग, कॅव्हर्नस सायनसचा (डोळ्यामागे, कवटीच्या आत असलेल्या रक्ताच्या पोकळीचा) मोठा सहभाग, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला वेढा किंवा फुप्फुसांसारख्या दूरच्या अवयवांत प्रसार असेल तर मोठी शस्त्रक्रिया सहसा रुग्णाचे हाल वाढवते आणि रोग मागे राहतो. याशिवाय रुग्णाचे वय, हृदयाची व फुप्फुसांची क्षमता, प्रतिकारशक्ती आणि डोळा किंवा चेहऱ्याची हालचाल गमावण्याची मानसिक तयारी यांचाही विचार होतो. हा निर्णय एकट्या सर्जनचा नसावा. कान-नाक-घसा व कर्करोग शल्यविशारद, न्यूरोसर्जन, प्लास्टिक सर्जन, नेत्रतज्ज्ञ, किरणोपचार तज्ज्ञ आणि रेडिऑलॉजिस्ट यांनी एकत्र बसून तो घ्यायला हवा.

शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष काय काढले जाते?

त्वचेवर गाठ किंवा संशयित वण असेल तर तो रुंद कडेसह काढतात आणि तेथून बाधित मज्जातंतूचा माग धरत आत जातात. टप्प्याटप्प्यावर मज्जातंतूचा छोटा तुकडा फ्रोझन सेक्शनसाठी, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच होणाऱ्या तातडीच्या तपासणीसाठी, पाठवला जातो. पॅथॉलॉजिस्टने ‘कड स्वच्छ’ असे कळवले तर थांबायचे, नाही तर आणखी आत जायचे. एकाच नावाखाली होणाऱ्या या शस्त्रक्रिया प्रत्यक्षात मज्जातंतूनुसार फार वेगळ्या असतात.

गालाकडील शाखा बाधित असेल तर वरच्या जबड्याच्या पोकळीतून आणि डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी असलेल्या हाडातील नळीतून मार्ग काढत जबड्यामागील पोकळीपर्यंत आणि तेथून फोरामेन रोटंडमपर्यंत जातात. यासाठी वरच्या जबड्याचा काही भाग काढावा लागू शकतो. खालच्या जबड्याकडील शाखेसाठी गालाच्या हाडामागील खोल जागेत, चघळण्याच्या स्नायूंमधून फोरामेन ओव्हेलपर्यंत पोहोचावे लागते.

फेशियल मज्जातंतूसाठी कानासमोरची पॅरोटिड लाळग्रंथी मज्जातंतूसह काढतात आणि कानामागचे हाड कोरून मज्जातंतूचा हाडातील भाग उघडतात. रोग कानाच्या मार्गाजवळ असेल तर कानाच्या हाडाचा बाहेरील भाग सलग काढला जातो आणि त्या कानाची ऐकण्याची क्षमता कमी होते. गॅसेरियन गँग्लियनपर्यंत जायचे असेल तर न्यूरोसर्जन कानशिलाजवळची कवटी उघडून, शक्य तेथे मेंदूचे आवरण न फाडता, त्याच्या बाहेरून तेथे पोहोचतात. या प्रकारच्या शस्त्रक्रिया ब्रिस्बेन येथील प्रिन्सेस अलेक्झांड्रा रुग्णालयातील गटाने पद्धतशीरपणे विकसित केल्या आणि त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशी शस्त्रक्रिया आठ ते बारा तास किंवा त्याहूनही अधिक चालू शकते.

डोळा काढावाच लागतो का?

नेहमी नाही. रोग कपाळाच्या शाखेत डोळ्याच्या खोबणीच्या पुढच्या भागापुरता असेल तर डोळा वाचवून तो मज्जातंतू काढता येतो. तो खोबणीच्या मागच्या टोकापर्यंत गेला असेल, डोळ्याचे स्नायू बाधित असतील किंवा दृष्टी आधीच गेलेली असेल तर डोळ्यासह खोबणीतील सर्व भाग काढण्याचा प्रश्न उभा राहतो. हा निर्णय घाईने मागितला जाऊ नये. रुग्णाला आणि घरच्यांना विचार करायला वेळ मिळाला पाहिजे, दुसऱ्या डोळ्याची तपासणी आधी झाली पाहिजे, आणि कृत्रिम डोळ्याचा बाह्य भाग कसा बसवतात हे प्रत्यक्ष दाखवले गेले पाहिजे.

मज्जातंतूवर रोग मध्येच सोडून पुढे सापडतो, असे ऐकले आहे. मग स्वच्छ कडेवर विश्वास कसा ठेवायचा?

असा समज बराच काळ होता आणि तो अजूनही सांगितला जातो. ब्रिस्बेनच्या गटाने मोठ्या मज्जातंतूंचे काढलेले नमुने छेदाछेदाने तपासले तेव्हा प्रसार सलग असल्याचे दिसले. मधले तुकडे पाहायचे राहून गेल्यामुळे किंवा छेद तिरपा गेल्यामुळे खंड पडल्याचा भास होऊ शकतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की मज्जातंतूच्या आतल्या टोकाची काळजीपूर्वक तपासलेली स्वच्छ कड ही खरोखर महत्त्वाची माहिती आहे. तरीही शस्त्रक्रियेनंतरचा किरणोपचार त्यामुळे टळत नाही.

मोह्स शस्त्रक्रियेने हे काम होईल का?

गाठीची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहत थर काढण्याची ही पद्धत अमेरिकेतील फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात विकसित केली. बारीक मज्जातंतूंपुरत्या, योगायोगाने सापडलेल्या प्रसारासाठी ती फार चांगली आहे. नाव असलेला मोठा मज्जातंतू बाधित असेल तर ती एकटी पुरेशी नाही.

फेशियल मज्जातंतू काढल्यावर चेहरा कायमचा वाकडा राहील का?

काही न केल्यास, होय. म्हणून पुनर्रचनेचा आराखडा पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच तयार असावा. मज्जातंतूचे आतले टोक निरोगी असेल तर पायाच्या पोटरीमागील किंवा मानेतील संवेदनेचा मज्जातंतू काढून मधे जोडता येतो. हालचाल परतायला सहा महिने ते वर्षभर लागते आणि ती पूर्वीसारखी नेमकी नसते. दुसरा मार्ग म्हणजे चघळण्याच्या मॅसेटर स्नायूच्या मज्जातंतूची शाखा चेहऱ्याच्या शाखांना जोडणे. दात दाबले की हसू उमटते आणि सरावाने ते सहज होत जाते. मात्र हा मज्जातंतू ट्रायजेमिनलच्या तिसऱ्या शाखेचाच भाग आहे, त्यामुळे ती शाखा बाधित असेल तर हा पर्याय उरत नाही. वयस्कर रुग्णांत किंवा ज्यांना लवकर परिणाम हवा त्यांच्यात मांडीच्या पातळ पडद्याच्या पट्टीने ओठाचा कोपरा वर ओढून धरतात, भुवई उचलतात आणि वरच्या पापणीत सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे छोटे वजन बसवून डोळा मिटण्याची सोय करतात. ही साधी उपाययोजना कमी दर्जाची मानू नये. डोळा वाचवण्यात तिचा वाटा मोठा आहे. चेहऱ्यावरील मोठी पोकळी भरण्यासाठी मांडीचा किंवा हाताचा मांसल भाग रक्तवाहिन्यांसह आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडला जातो.

मानेतील लसिकाग्रंथींच्या गाठीही काढतात का?

तपासणीत त्या बाधित दिसल्या तर नक्कीच. पुनर्रचनेसाठी मान उघडावी लागणार असेल किंवा धोका जास्त वाटत असेल तर त्या बाधित न दिसताही काढल्या जाऊ शकतात.

शस्त्रक्रिया पूर्ण झाली, कड स्वच्छ आली. मग रेडिएशन कशासाठी?

कारण मज्जातंतूच्या आवरणात उरलेल्या मोजक्या पेशी कोणत्याही स्कॅनवर दिसत नाहीत. मोठा मज्जातंतू बाधित असताना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार हा उपचाराचा भागच मानला जातो. तो शक्यतो सहा आठवड्यांच्या आसपास सुरू व्हावा, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा ते साडेसहा आठवडे चालावा आणि एकूण मात्रा साधारण ६० ते ६६ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) असावी, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. किरण केवळ जखमेवर देऊन चालत नाही. मज्जातंतूचा कवटीच्या तळापर्यंतचा मार्ग त्या आराखड्यात हवा. दृष्टीचा मज्जातंतू, मेंदूचा देठ आणि कानशिलाजवळचा मेंदू यांना वाचवण्यासाठी किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करणारे आयएमआरटी तंत्र वापरले जाते. दातांची तपासणी आणि आवश्यक असल्यास दात काढणे हे किरणोपचारापूर्वी उरकावे, कारण नंतर जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही.

सोबत केमोथेरपी दिल्याने फायदा होतो का, हे टीआरओजी ०५.०१ या चाचणीत तपासले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार धोक्याच्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमात किरणोपचारासोबत दर आठवड्याला कार्बोप्लाटिन दिल्याने रोगनियंत्रणात भर पडली नाही.

ज्यांच्यात शस्त्रक्रिया शक्य नाही त्यांना केवळ किरणोपचार दिला जातो. तो काहींत दीर्घ नियंत्रण देतो, परंतु मोठा मज्जातंतू बाधित असताना शस्त्रक्रिया व किरणोपचार या जोडीशी त्याची बरोबरी होत नाही, असे या क्षेत्रातील बहुतेकांचे मत आहे.

इम्युनोथेरपीमुळे मोठी शस्त्रक्रिया टाळता येईल का?

हा प्रश्न आता योग्य आहे, काही वर्षांपूर्वी तो नव्हता. इम्युनोथेरपी म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध उभी करणारे उपचार; त्यांतील सेमिप्लिमॅब या औषधाला अमेरिकेत सप्टेंबर २०१८ मध्ये शस्त्रक्रियेपलीकडच्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमासाठी मान्यता मिळाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७९ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी त्याचे चार डोसपर्यंत उपचार दिले असता ५१ टक्के रुग्णांच्या काढलेल्या भागात जिवंत कर्करोग सापडला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४१५ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि किरणोपचारानंतर हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्के जण दोन वर्षांनी रोगमुक्त होते, तर औषधाविना हे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. मज्जातंतूंचा प्रसार असलेले रुग्णही त्या चाचणीत सामावले होते.

तथापि बरे झाल्याची खूण म्हणून आपण ज्या एमआरआयकडे पाहतो, तो मज्जातंतूच्या बाबतीत फसवा असतो. रोग मेल्यावरही मज्जातंतू बराच काळ जाड दिसू शकतो. त्यामुळे औषधाला उत्तम प्रतिसाद मिळाला म्हणून शस्त्रक्रिया वगळावी का, याचा निर्णय प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणेच व्हायला हवा. ज्यांना मूत्रपिंड किंवा इतर अवयव प्रत्यारोपित आहे, त्यांच्यात ही औषधे तो अवयव नाकारला जाण्याचा गंभीर धोका निर्माण करतात. खर्चही लाखांत जातो.

शस्त्रक्रियेनंतर कोणत्या त्रासांसाठी तयार राहावे?

काढलेल्या मज्जातंतूच्या भागातील बधिरपणा कायमचा असतो, आणि तो आधीच सांगितला गेला पाहिजे. कवटी उघडली असेल तर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून किंवा जखमेतून गळणे आणि त्यातून मेंदूज्वर होणे हा धोका असतो. नाकातून स्वच्छ पाणी ठिबकू लागले, ताप आला, मान ताठरली किंवा डोके असह्य दुखू लागले तर रात्र असो वा दिवस, रुग्णालय गाठावे. जोडलेल्या मांसल भागाचा रक्तपुरवठा थांबणे क्वचित होते, पण झाल्यास काही तासांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. चघळण्याचे स्नायू काढल्यामुळे आणि त्यावर किरणोपचार झाल्यामुळे तोंड उघडेनासे होते. त्याचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून, सांगितले तेवढे आणि चुकवता न येणारे समजून करावेत. गुंतागुंत नसेल तर रुग्णालयातील मुक्काम साधारण एक ते दोन आठवड्यांचा असतो.

डोळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे. कपाळाकडील शाखा गेली की बुबुळावरील पारदर्शक पडद्याला स्पर्श कळत नाही, आणि फेशियल मज्जातंतू गेला की पापणी मिटत नाही. दोन्ही एकत्र गेले तर डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही, डोळा कोरडा पडतो आणि वेदना न होताच व्रण पडून दृष्टी जाऊ शकते. दिवसभर कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी चिकटपट्टीने मिटवणे, घराबाहेर गॉगल, आणि डोळा लाल दिसला तर दुखत नसतानाही त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, हा नेम कधीही मोडू नये. हे काम बहुधा घरातल्याच कोणाच्या तरी हाती येते. त्या व्यक्तीला परिचारिकेने रुग्णालयातच प्रत्यक्ष करून दाखवायला लावावे.

पूर्ण बरे होण्याची शक्यता किती?

ती रोग किती आत गेला यावर सर्वांत अधिक अवलंबून आहे. शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार मिळालेल्या निवडक रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण पाच वर्षांनंतर हयात असल्याचे विशेष केंद्रांचे अनुभव आहेत. पहिल्या विभागात निष्पत्ती अधिक चांगली आणि तिसऱ्यात बरीच वाईट असते. पूर्वी ज्यांना काहीच करता येणार नाही असे सांगितले जाई, त्यांतील काही जण आज बरे होतात. पण यासाठी पहिली शस्त्रक्रियाच पुरेशी व्हावी लागते. अर्धवट काढलेला मज्जातंतू दुसऱ्या वेळी, वणात आणि किरणोपचार झालेल्या ऊतींत, शोधणे फार अवघड जाते.

नंतर किती काळ तपासण्या कराव्या लागतात?

उपचार संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी एक एमआरआय करतात आणि पुढच्या सर्व एमआरआयची तुलना त्याच्याशी होते. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांच्या आसपास तपासणी व ठरावीक अंतराने एमआरआय, त्यानंतर अंतर वाढवत निदान पाच वर्षे. हा रोग हळू सरकतो, त्यामुळे उशिरा परतणेही संभवते. नवा बधिरपणा किंवा नवी वेदना जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

तोंडाच्या कर्करोगाच्या अहवालातही ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ लिहिलेले असते. तो हाच आजार आहे का?

प्रसाराची पद्धत तीच, पण आजार वेगळा. तंबाखू व गुटख्यामुळे आपल्याकडे गालाच्या आतल्या भागाचे आणि हिरड्यांचे कर्करोग फार आहेत आणि त्यांच्या अहवालांत ही नोंद पुष्कळदा येते. त्यांचे श्रेणीकरण, शस्त्रक्रिया आणि पुढील उपचारांचे निकष स्वतंत्र आहेत. या पानावरील आकडे त्या रुग्णांना लावू नयेत.

महाराष्ट्रात असे उपचार मिळू शकतात का? दुसरे मत घ्यायचे असेल तर काय सोबत न्यावे?

कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रिया नियमित होत असतील, डोके-मान कर्करोग विभाग आणि न्यूरोसर्जरी एकाच छताखाली असेल, अशा केंद्राकडे जावे. मुंबईतील परळचे १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय हे त्यांतील सर्वांना परिचित नाव आहे; त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात प्रोटॉन किरणोपचाराचीही सोय झाली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया आणि किरणोपचार समाविष्ट आहेत आणि कुटुंबासाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आपली नेमकी शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घ्यावे.

दुसरे मत घेताना केवळ अहवालांच्या छायाप्रती नेऊ नयेत. मूळ गाठीच्या काचपट्ट्या आणि पॅराफिन ब्लॉक, एमआरआयची सीडी (फिल्म पुरत नाही), पूर्वीच्या शस्त्रक्रियेची टिपणे, आधी किरणोपचार झाला असल्यास त्याच्या मात्रेचा तपशील, चालू औषधांची यादी आणि बधिरपणा कोठे सुरू होऊन कसा पसरला याची तारखांसह नोंद सोबत असावी. भेटीत तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत विचाराव्यात : माझा रोग कोणत्या विभागात आहे, मज्जातंतूचे आतले टोक कोठे कापणार आहात, आणि तेथे फ्रोझन सेक्शनमध्ये रोग सापडला तर त्याच वेळी आणखी आत जाण्याची तयारी व न्यूरोसर्जन उपलब्ध असतील का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर शस्त्रक्रियेची तारीख पक्की करण्यापूर्वी दुसऱ्या केंद्रात दाखवावे.